कोणाच्या व तुम्ही?

घमापुरच्या बाजारात मटर उतरला की मी मानते, थंडी आली. दिवाळीनंतर दोन-चार दिवस गार वारा सुटतो, लोक स्वेटर बाहेर काढतात आणि पुन्हा पेटीत घालतात, त्या थंडीवर माझा विश्वास नाही. ज्या सकाळी भाजीवाले भैया बाकी सगळी भाजी एका कोपऱ्यात लोटतात आणि अख्खी हातगाडी हिरव्या शेंगांची होते, त्या सकाळी जबलपूरचा हिवाळा सुरू होतो. मग दोन-अडीच महिने दुसरं काही नाही. पोह्यात मटर, पुलावात मटर, मटराची कचोरी, आणि आमच्या आईच्या हातची, तिच्यासोबत वऱ्हाडातून इथवर आलेली तिखटजाळ उसळ. गल्लीतल्या गायी सालं खाऊन खाऊन आळसावतात. बायकांच्या नखांच्या कडा हिरव्या होतात आणि फेब्रुवारी सरेपर्यंत तशाच राहतात.

त्या दिवसांत आमच्याकडे बाई रिकाम्या हातानं बसलेली दिसायची नाही. दारात बसली तर मांडीवर परात, गच्चीत उन्हाला बसली तर परात. दवाखान्यात नंबर यायचा असला तरी पिशवीत दोन शेर शेंगा आणि सोबत एक रिकामा डबा. वर्षभराचा मटर त्या दोन महिन्यांत सोलून ठेवायचा असतो, म्हणून जिथं बसाल तिथं सोला, असा सरळ हिशेब. शेजारी अनोळखी बाई बसली तरी ती न विचारता तुमच्या पिशवीत हात घालते आणि सोलू लागते. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

माझी नखं मात्र गेले दोन हिवाळे कोरी होती. सून रश्मी बाजारातून सोललेला मटर आणते. गुणाची पोरगी आहे, मला वाटेल तसं बोलता येणार नाही. म्हणते, "मम्मीजी, आप क्यों तकलीफ़ करेंगी?" मला ती तकलीफ हवी आहे, हे हिंदीत कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.

शेंगा माझ्याशिवाय सोलल्या गेल्या तर मला काय व्हायचंय, म्हणा. पण आमच्यात मटर सोलणं म्हणजे शालूशी बोलणं. शालू माझी मोठी बहीण, दोन वर्षांनी मोठी. लग्न होऊन मी घमापुरात आले आणि ती रिछाईकडे गेली, तिच्या नवऱ्याचं तिथं छोटंसं वर्कशॉप होतं. एकाच शहरात राहून भेट महिन्यातून एकदा, पण फोन रोज. दुपारी तीन वाजता, भांडी झाली की. मटराच्या दिवसांत आम्ही फोन स्पीकरवर टाकून आपापल्या परातीपुढे बसायचो. तिच्याकडची शेंग फुटल्याचा टप्प आवाज मला इकडे ऐकू यायचा. बोलायचो तरी काय? कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोण फुकटचा तोरा मिरवून राहिली. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. मटर नुकताच उतरला होता.

बहीण गेल्याचं दुःख लोकांना समजतं. येतात, बसतात, दोन शब्द बोलतात. पण तिच्यासोबत माझं मराठी गेलं, हे कोणापुढे रडायचं? माझे यजमान जाऊन तर दहा वर्षं झाली. मुलगा संजू मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो. त्याची मुलगी मिनी पंधरा वर्षांची आहे. तिला सगळं समजतं, पण तोंडातून मराठीचा एकच शब्द येतो, 'आजी'. तेवढा एक मी तिच्याकडून घोटून घेतला, दादी म्हणायचं नाही, तंबी दिली. घरात सगळे माझ्याशी नीट बोलतात, कोणी तोडून बोलत नाही. पण 'का'च्या जागचं आमचं 'काहून' दिवसभरात मला कोणी म्हणत नाही. मी कुकरशी बोलते. शिट्टी नाही झाली तर त्याला विचारते, काय बापा, काय झालं तुला.

हे सगळं आठवायचं कारण यंदाच्या थंडीत मी, या वयात, पॉप गाण्यांच्या कार्यक्रमाला जाऊन आले.

मुंबईहून कोणी पोरगा येणार होता. मिनीच्या खोलीत भिंतीवर त्याचा फोटो आहे, डोळ्यांवर केस आलेला. मला नेहमी वाटतं हात घालून मागे सारावे. सिव्हिल लाइन्सच्या पलीकडच्या मैदानात कार्यक्रम, आणि नियम असा की अठराच्या आतल्या पोरांसोबत घरचं मोठं माणूस हवं. संजू दौऱ्यावर, रश्मीला गर्दीत चक्कर येते. राहता राहिले मी. रश्मीनं मला दोन स्वेटर घातले, शाल दिली, डोक्याला मफलर बांधला आणि वरून कानात कापसाचे बोळे घातले. मी म्हटलं, अगं गाणं ऐकायला चालले आहे. तर म्हणाली, इसीलिए मम्मीजी.

मिनी मैत्रिणींसोबत पुढे उभं राहायच्या जागेत गेली. माझ्यासारख्या राखणदारांसाठी मागे खुर्च्या होत्या. खुर्च्यांच्या मागे लोखंडी कठडा आणि कठड्याच्या मागे स्वस्त तिकिटाची पोरं उभी. कार्यक्रम पाचचा, आणि सव्वासहा झाले तरी स्टेजवर एक माणूस नुसता माइकमध्ये चेक चेक करत होता. मी कापसाचे बोळे काढून पर्समध्ये टाकले. तेवढ्यात माझ्या बरोबर मागे, कानाला लागून, एक पोरगी म्हणाली, "काय व, हा चेक चेकच करून राहिला. यालाच ऐकायला आलो का आपण?"

मी जागच्या जागी बसून राहिले. आमच्याकडे 'गं'च्या जागी 'व' येतो. हा 'व' मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

दुसरी म्हणाली, याचंच तिकीट होतं, तो गाणारा पोट्टा फुकट आहे. मग दोघी हसल्या. मी मान वळवली नाही. मान वळवली असती, ओळखीचं हसले असते, तर त्या लाजल्या असत्या आणि पुढचं सारं हिंदीत झालं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. कारण या प्रकारात मी मुरलेली आहे.

आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. बाबा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत फिटर, शाळा हिंदी, गल्ली हिंदी, दूधवाला हिंदी. घरात मराठी. आणि घराबाहेर पडलं की तेच मराठी आमच्या कामाचं हत्यार व्हायचं. दुकानदार भाव जास्त सांगून राहिला, मास्तरीणबाईंची वेणी खोटी आहे, समोरून येणाऱ्याचा पायजमा उलटा आहे, सगळं तोंडावर बोलायचं, चेहरा सरळ ठेवून. कोणाला काय समजणार? जबलपुरात मराठी माणसं काही कमी नाहीत. गल्लीगल्लीत एखादं घर आहे. पण इथल्या प्रत्येक मराठी पोरीला वाटतं, आपलं बोलणं समजणारं या गावात आपल्या घराबाहेर कोणी नाही. आम्हाला तसंच वाटायचं. त्या कठड्यामागच्या दोघींनाही तसंच वाटत होतं.

मग मी शाल नीट केली, डोळे मिटले आणि ऐकत बसले.

काय काय बोलल्या म्हणून सांगू. एक जण म्हणे, तो आपल्याकडे पाहील का? दुसरी म्हणे, त्याच्या डोळ्यांवर केस, केसांवर काळा चष्मा, त्याला स्वतःचे बूट दिसले तरी पुष्कळ. एकीचं ठरलेलं होतं, लग्न करायचं तर याच्याशी. दुसरीनं विचारलं, आईला काय सांगशील? तर आईचं काय, आई पहिल्यांदा त्याला ताटावर बसवन आणि म्हणन, पोट्ट्याच्या बरगड्या मोजून घ्या, खाऊ घालत नाहीत का मुंबईत. मग बाबा विचारतील, नोकरी पक्की आहे का. यावर दोघी इतक्या हसल्या की कठडा हलला. मधेच एकीला प्रश्न पडला, त्याला मटर सोलता येत असन का. दुसरी म्हणाली, त्याच्या अंगठ्या पाहिल्या का, शेंगेत अडकतील.

मला हसू आवरेना. मी शालीचं टोक तोंडावर धरलं आणि खोकल्यासारखं केलं. आणि खोकता खोकता मला ती बाई आठवली.

मी आठवीत होते, शालू दहावीत. भोपाळकडचा एक ऑर्केस्ट्रा गावात आला होता. संध्याकाळचे खेळ पुरुषांच्या गर्दीचे, म्हणून बायका-पोरींसाठी दुपारचा वेगळा खेळ ठेवायचे. कनातीच्या आत सतरंज्या, भोकांमधून ऊन आत आलेलं, वर धूळ तरंगत असलेली. बाबांना फॅक्टरीत दोन पास मिळाले. आई सोडेना. मग सोडलं ते अटीवर, हा एवढा मटर संध्याकाळपर्यंत सोलून झाला पाहिजे. आम्ही म्हटलं, तिथं बसून सोलू. आईला त्यात काहीच नवल वाटलं नाही. तिनं शेंगांची मोठी थैली आणि डबा हातात दिला आणि म्हणाली, दाणे सांडू नका.

तर अशा आम्ही दोघी सतरंजीवर, मध्ये शेंगांची थैली, समोर स्टेजवर चमचमत्या कोटातला एक गवई. तो गाऊन राहिलेला आणि आम्ही सोलता सोलता त्याची सालं काढून राहिलेलो. शालू म्हणाली, कोट मोठ्या भावाचा आहे, भाऊ घरी बनियनवर बसला असन. मी म्हटलं, कॉलरमध्ये मुंगी शिरली, म्हणून असा हलून राहिला. आमच्याकडे 'पाहा'चं 'पाय' होतं; तो खाली वाकला की शालू म्हणायची, पाय पाय, चप्पल शोधून राहिला. मोठ्यानं बोलायचो, खुशाल. बाजूला सगळ्या हिंदी बायका.

आमच्या मागे एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल, आम्हाला तेव्हा म्हातारीच वाटली. फिकी साडी, हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या, एकटी. थोड्या वेळानं तिनं हात पुढे केला आणि हिंदीत म्हणाली, "लाओ बेटी, मैं भी छील दूँ।" आम्ही तिच्या पदरात जवळजवळ अर्ध्या शेंगा ओतल्या आणि पुन्हा पुढे तोंड करून बसलो. नंतर मी एकदा मागे पाहिलं तर तिच्या तोंडावर हात, डोळे मिटलेले, खांदे हलत होते. मी शालूला सांगितलं, बाई खोकून राहिली. शालू म्हणाली, गाणं घशात अडकलं असन.

आणि मग मी बोलले ते वाक्य. अजून आठवलं की कान गरम होतात. मी म्हटलं, "हिच्या घरी हिच्याशी कोणी बोलत नसन, म्हणून इथं येऊन बसली."

तेरा वर्षांची होते. मला वाटलं, काय टोला हाणला. शालूही हसली.

खेळ संपला. आम्ही सालं गोळा केली, डबा बंद केला आणि मागे वळून पदर रिकामा करून घ्यायला हात पुढे केला. बाईनं तिचे दाणे पदराच्या ओच्यात छान गोळा करून ठेवले होते. ती आमच्याकडे पाहत होती. आणि म्हणाली, आमच्याच बोलीत, आमच्या आईसारखी, "कोणाच्या व तुम्ही?"

आम्ही पळालो. चपला हातात घेऊन पळालो. कनातीखालून निघालो, बायकांच्या पायांमधून वाट काढली, मागून तिची हाक आली, थांबा ना व, थांबा तर. आम्ही क्वार्टर येईपर्यंत थांबलो नाही. अर्धा मटर तिच्या पदरातच राहिला. आईनं डबा उघडून पाहिला आणि विचारलं, बाकीचा काय गवयानं खाल्ला? संध्याकाळभर बोलणी खाल्ली आणि रात्री पांघरुणात तोंड घालून हसत राहिलो.

त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं तो आमचा दोघींचा खेळ होता. फोन लावला की शालू हॅलो म्हणायची नाही. म्हणायची, "कोणाच्या व तुम्ही?" त्यातला 'व' ती खूप लांबवायची, पार गावाबाहेरच्या पुलापर्यंत. मी हसले की मग बोलणं सुरू. माझ्या बाळंतपणात ती दवाखान्यात आली तेव्हा पाळण्यात वाकून संजूला हेच विचारलं. आमचे बाबा गेले त्या दिवशीसुद्धा, सगळे पांगल्यावर, ओसरीत आम्ही दोघीच उरलो तेव्हा तिनं हळूच म्हटलं, कोणाच्या व आपण आता? आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो. ती बाई कोण होती, कुठं राहत होती, आम्ही कधी शोधलं नाही. आमच्या लेखी ती एक गंमत होती.

शालूच्या शेवटच्या हिवाळ्यात मी तिच्या उशाशी बसले होते. बोलायला तिला त्रास व्हायचा. तरी म्हणाली, "कुंदे, ती बाई तीन तास आपलं ऐकत बसली. मराठीत एक शब्द बोलली नाही. काहून बोलली नसन?" मी म्हटलं, मजा पाहत असन. शालूनं मान हलवली, नाही. मग छताकडे पाहत म्हणाली, "थांबायला पाहिजे होतं व आपण." मी विषय बदलला. आजारी माणसाच्या डोक्यात काय काय येतं, असं मला वाटलं. तिची चादर सारखी केली आणि नर्सबाईंना हाक मारली.

इकडे मैदानात तो पोरगा एकदाचा स्टेजवर आला. पुढची सगळी पोरं किंचाळली, जमीन हलली. तो माइकमध्ये ओरडला की जबलपूर, तुमच्यासारखं प्रेम मला कुठंच मिळालं नाही. मागची पोरगी लगेच म्हणाली, मागच्या हप्त्यात इंदूरला पण हेच म्हणे, माझ्या मावसबहिणीनं व्हिडिओ पाठवला. गाणं चालू झालं तशा त्या एकमेकींच्या कानात ओरडू लागल्या आणि त्यामुळे मला आणखी स्वच्छ ऐकू यायला लागलं. त्यानं गळ्यातला टॉवेल घाम पुसून गर्दीत फेकला. पुढे झोंबाझोंबी. मागून प्रश्न आला, घामाचा टॉवेल काहून घेऊन राहिल्या ह्या? धुवावा कोणाला लागन?

शालू असती तर हेच म्हणाली असती. शब्दाला शब्द.

माझे डोळे भरून आले आणि मी ते भरू दिले. अंधार पडला होता, स्टेजवरचे दिवे सगळे पुढे, मला कोण पाहतं. मी फक्त एकच मागत होते, गाणी संपू नयेत. मला गाण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण कार्यक्रम संपला की या दोघी जातील, आणि मग पुन्हा कुकर.

तेवढ्यात मागून आलं, "व, ती समोरची आंटी पाय. कानाला मफलर बांधून गाणं ऐकायला आली." दुसरी म्हणाली, झोपली असन. पहिली म्हणाली, "नाही व. रडून राहिली वाटते. पाय ना, खांदे हलून राहिले." मग एक म्हणाली, एकटीच दिसते, कोणी नाही सोबत. दुसरी म्हणाली, विचार ना. तू विचार. नाही, तू.

मग माझ्या खांद्यावर हात आला. "आंटीजी, आप ठीक हैं ना? पानी चाहिए?"

मी वळले. दोघी सोळा-सतरा वर्षांच्या, एकीच्या दातांना तार, एकीच्या गळ्यात निळा मफलर. मफलरवालीनं पाण्याची बाटली पुढे धरली होती. उत्तर ओठावर आलं होतं. ठीक आहे मी, पोरींनो. एवढंच म्हणायचं होतं. इतक्या दिवसांनी मला कोणी दिसलं होतं ज्याच्याशी ते म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, "हाँ बेटा, ठीक हूँ। तुम लोग गाना सुनो।"

बाटली घेतली, पुन्हा पुढे तोंड केलं. मागे हलकेच आवाज आला, ठीक आहे म्हणे, चल. आणि गाडी पुन्हा सुरू झाली, त्याच्या बुटांवरून, त्याच्या ढोलवाल्यावरून, शाळेतल्या कोणा पूजावरून. मी बाटली मांडीत धरून बसले. तेव्हा मला कळलं, त्या बाईनं 'लाओ बेटी' काहून म्हटलं होतं. आपल्या तोंडचं मराठी तिनं तीन तास दाबून ठेवलं होतं, आमचं बंद पडू नये म्हणून. आणि मी तिला काय म्हटलं होतं तेही तिनं ऐकलं होतं. ऐकून पुढची शेंग सोलली होती.

त्या बाईची माफी मागायला मी कुठं जाऊ?

शेवटचं गाणं झालं, दिवे लागले. पुढून मिनी धावत आली, आवाज बसलेला, केस घामानं चिकटलेले. मी खुणेनं 'हळू' म्हणायच्या आत तिनं कठड्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, "आजी, चलो, पापा का फ़ोन आ रहा है।"

ते 'आजी' मागच्या दोघींनीही ऐकलं. मी वळले. तारवाली पोरगी मफलरवालीचा दंड धरून उभी होती. दोघींचे चेहरे मी ओळखले, ते आमचेच होते. मला खूप सांगायचं होतं. की मला राग नाही आला. की तो बरगड्यांचा विनोद फार चांगला होता. की घमापुरात माझं घर आहे, या, मटर सोलू, तुम्ही नुसतं बोला. पण पन्नास वर्षं जे वाक्य नकलेसाठी जिभेवर तयार ठेवलं होतं, तेच बाहेर पडलं.

"कोणाच्या व तुम्ही?"

पळाल्या. मी म्हटलं, थांबा ना व. पण त्या गर्दीत शिरल्या, एकदा निळा मफलर दिसला, मग तोही नाही. फाटकाच्या बाजूनं त्यांचं हसणं तेवढं ऐकू आलं, घाबरलेलं आणि पोटातून आलेलं. बाटली माझ्या हातातच राहिली.

माझा हात पर्समध्ये गेला. फोन काढला. शालूचा नंबर अजून सगळ्यात वर आहे. हे तिलाच सांगायचं होतं, दुसऱ्या कोणाला सांगून काय समजणार. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं व, ती बाई काहून बोलली नाही ते. मी नंबराकडे पाहत उभी राहिले आणि मग मिनीनं माझा दंड धरला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी स्वतः चौकात गेले आणि हातगाडीवरून पाच किलो शेंगा आणल्या. रश्मी काही बोलायच्या आत परात घेऊन गच्चीत गेले. ऊन चांगलं होतं. थोड्या वेळानं मिनी वर आली, कालचा घसा अजून बसलेला. तिनं बाटलीबद्दल विचारलं, की ही कोणाची. मी सांगायला लागले. सवयीनं हिंदीत सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला थांबले. मग मराठीत सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. गवयाच्या कोटातली मुंगी, आई, पदरातला मटर. मी काय बोलले होते तेही, लपवलं नाही. शालूचं 'थांबायला पाहिजे होतं' हेसुद्धा सांगितलं.

मिनी सोलत होती. चार दाणे परातीत, चार तोंडात. जिथं हसायचं तिथं हसली. त्या वाक्याशी आले तेव्हा हसली नाही, शेंग हातात धरून बसली. मग तिनं विचारलं, हिंदीतच, त्या दोघींना इंटरनेटवर शोधू का, निळा मफलर होता म्हणते ना, फोटोंत सापडतील. मी म्हटलं, नको. पळू दे त्यांना. फोनवर एकमेकींना सांगायला त्यांना काहीतरी लागेल.

खाली रश्मीचा कुकर शिट्ट्या देत होता. मग मिनीनं परात बाजूला सरकवली, ओढणी डोक्यावरून घेतली, कंबर वाकवली आणि बसक्या आवाजात, चाचपडत म्हणाली, "कोणाच्या व तुम्ही?"

तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं अख्खं मराठी वाक्य. 'च्या' जरा चुकलाच होता. माझ्या बोटांतली शेंग तशीच राहिली.

"अजून लांबव तो 'व'," मी म्हटलं. "शालू खूप लांबवायची."